गोजरबाई आणि दहाव्याचा कावळा

भीमाजीच्या दहाव्याला कावळा शिवेना.

आता नदीच्या घाटावर कावळ्यांना काय तोटा? एरवी माणूस डबा सोडून बसला तर हातातली भाकरी ओढून नेतील असले बिलंदर. पण त्या दिवशी पिंड मांडला, सगळे हात जोडून मागं सरकले, आणि समोरच्या बाभळीवरचे झाडून सगळे कावळे असे गप बसले की सुतक त्यांनाच आहे. प्रवचन झालं होतं. पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली होती, त्यात भीमाजीला आयुष्यात कधी न भेटलेल्या दोघांनी गळा काढून घेतला होता. ऊन डोक्यावर आलं आणि पंगती खोळंबल्या.

अशा वेळी पुढं होणारा माणूस प्रत्येक भावकीत एक असतोच. इथं तो ज्ञानेश्वर, भीमाजीचा चुलतभाऊ. सगळं काष्टी गाव त्याला माऊली म्हणतं. माऊलीनं फर्मान सोडलं, "तंबाकू ठिवा त्याची." तंबाखूची पुडी ठेवली. कावळा ढिम्म. "चा ठिवा. आन गोड ठिवा, शुगर हुती म्हनून जल्मभर फिक्का पिला बिचारा." गोड चहा ठेवला. एक कावळा उडाला, सगळ्यांनी श्वास रोखला, आणि तो पलीकडच्या खांबावर जाऊन बसला.

मग कबूल करायची वेळ आली. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय. तो कशात ते ओळखून कुणीतरी मोठ्यानं शब्द द्यायचा, शब्द बरोबर लागला की कावळा येतो, ही आपल्याकडची रीत. माऊली ओरडला, "भीमा, गाय इकनार न्हाई आमी!" काही नाही. शिर्डीला दिलेली मुलगी स्नेहल रडत म्हणाली, "अण्णा, लिंबाची बाग कुणी तोडणार नाही." तरी काही नाही. आणखी कुणी देवळाच्या पायरीचं कबूल केलं, कुणी बांधाच्या भांडणाचं. ज्याच्या मनात जे होतं ते त्यानं भीमाजीच्या नावावर खपवून घेतलं म्हणा.

शेवटी पोरगा रविराज पुढं झाला. डोक्याचा गोटा, अंगावर ओलं, डोळे सुजलेले. नगरला एका कंपनीत सुपरवायझर, केडगावात स्वतःचा फ्लॅट, कधी आवाज न चढवणारा माणूस. तो नदी हादरेल असा ओरडला, "अण्णा, आईला मी केडगावला माझ्याकडं नेतो! तिची काळजी करू नका!"

आणि नेमकं त्याच क्षणाला, मागं कडुलिंबाच्या झाडाखाली बायकांच्या घोळक्यात उभी असलेली गोजरबाई, म्हणजे भीमाजीची बायको, डोळे मिटून मनातल्या मनात नवऱ्याला सांगत होती, "जावा आता. घराचा घोर करू नगा. म्या हाय तवर आपल्या घराला कुलूप लागायचं न्हाई."

कावळा सपकन खाली आला आणि शिवला.

घोळ झाला तो इथंच. कावळा एक आणि शब्द दोन. पण रविराजचा शब्द सगळ्या घाटानं ऐकला आणि गोजरबाईचा कुणीच नाही. लोकांनी डोळे पुसले. माऊली म्हणाला, "बगा, बायकोत जीव आडकला हुता गड्याचा." झालं. गोजरबाईनं उरलेलं आयुष्य कुठं काढायचं, याचा निकाल कावळ्यानं दिला आणि भावकीनं त्यावर शिक्का मारला. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

ही बाई कोण, ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर एवढ्याशा गोष्टीचं तिनं काय मनाला लावून घेतलं असं वाटेल. गोजरबाई सत्तरीची. लग्न होऊन आली ती या घरात, आणि बाळंतपणं सोडली तर दुसरीकडं कधी राहिली नाही. घरामागं लिंबाची बाग. दर आठवड्याच्या बाजारात तिची जागा ठरलेली, पिंपळाच्या बाजूला, पोत्यावर लिंबांचा ढीग आणि मागं ती. आख्ख्या तालुक्यात कुणाच्या घरी काय चाललंय ते तिला बसल्या जागी कळायचं. लिंबं विकायची हे निमित्त. बाजारात न गेलेला आठवडा तिला आजारपणासारखा वाटायचा. तोंडानं फटकळ, पण कुणाच्या घरी मयत झाली की पहिला चहा हिच्या घरून जायचा. गुडघे गेलेले, शुगर आहे, अधूनमधून चक्कर येते. हे सगळं खरं. पण या घरात अंधारातसुद्धा पाय कुठं टाकायचा ते तिच्या पायांना माहीत होतं.

आणि भीमाजी? तो गेला ते नीट गेला नाही. झटका आला, एक बाजू लुळी पडली, वाचा गेली. नगरच्या दवाखान्यात काचेच्या खोलीत ठेवला. घशात नळी, नाकात नळी. उजवा हात चालत होता, त्या हातानं तो सारखा काहीतरी खुणावायचा. कधी दाराकडं, कधी नळीकडं. कुणी म्हणे पाणी मागतोय, कुणी म्हणे घरी चला म्हणतोय. डॉक्टर प्रत्येक वेळी विचारायचे, आता पुढं काय करायचं, तुम्ही ठरवा. रविराज सही करायचा. गोजरबाईला सगळे म्हणायचे, तुम्ही बाहेर बसा. ती बाहेर बाकावर बसली. बसून राहिली. एवढी वर्षं एका चुलीवर खाल्लं, पण असं काही झालं तर तुमच्या मनात काय आहे, हे तिनं नवऱ्याला कधी विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं. असलं अभद्र कोण बोलतं घरात!

तर गोजरबाई केडगावला गेली. जाताना घराला कुलूप लागलं. किल्ली तिनं शेजारच्या सविताकडं दिली. सविता एकटीच, नवरा नाही, पोरगी सासरी. किल्ली देताना गोजरबाई एवढंच म्हणाली, "रोज उगडत जा गं. झाडलोट न्हाई केली तरी चालंल, पर दार उगड."

केडगावात तिचे हाल झाले असं कुणी समजू नये. सून अश्विनी शाळेत शिक्षिका, सरळ मनाची. सासूला गोळ्या वेळेवर, पथ्याचं जेवण वेळेवर. रविराज कामावरून आला की आधी आईच्या खोलीत डोकावायचा. पण दिवस उजाडला की नवरा-बायको आणि नातवंडं आपापल्या वाटेला, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये गोजरबाई आणि टीव्ही. जिना उतरायचा तर गुडघे नाही म्हणत. समोरच्या दाराला एक माणूस बघण्याचं भोक, त्यातून ती बघायची, तर समोरचंही दार बंद. बाजारातून आणलेली लिंबं बघून तर तिचं टाळकंच फिरलं. "ही लिंबं हायत व्हय? ह्यात रस हाय का नुसतं साल? आपल्या बागंत असली म्या गाईफुडं टाकते!"

एकदा भर दुपारी तिला स्वयंपाकघरात चक्कर आली. खाली पडली. शुद्ध होती, पण उठता येईना. हाका मारल्या. भिंतीपलीकडं कुणाच्या तरी मिक्सरचा आवाज येत होता, पण तिची हाक काही तिकडं जाईना. अश्विनी शाळेतून आली तोवर म्हातारी फरशीवर पडून होती. लागलं काही नव्हतं. अश्विनी मात्र तिला धरून रडली. गोजरबाईला रडू आलं नाही, राग आला. काष्टीत हीच हाक मारली असती तर सविता भांडं टाकून धावत आली असती.

संध्याकाळी तिनं विषय काढला. "रवी, मला घरी सोड."

रविराज तिच्याकडं बघेना. म्हणाला, "आई, परत तो विषय नको. अण्णांची शेवटची इच्छा होती. कावळा शिवला ना?"

आता याला काय उत्तर देणार? जिवंत माणसाशी भांडता येतं, कावळ्याशी काय भांडायचं? मी पण त्याच वेळी मनात बोलले होते, हे तिच्या जिभेवर आलं. पण पोराच्या तोंडावर असं काहीतरी होतं की ती गप्प बसली. काय होतं ते तिला तेव्हा कळलं नाही.

मध्ये एकदा वारसाच्या नोंदीसाठी सगळे तलाठ्याकडं गेले. जमिनीवर तिघांची नावं लागायची, गोजरबाई, रविराज, स्नेहल. नोंदीच्या वेळी कुणीतरी शहाण्यानं रविराजच्या कानात घातलं की म्हातारीचं नाव कशाला लावता, तिच्या मागं परत वारसनोंद, परत चकरा, त्यापेक्षा आत्ताच हक्कसोड करून घ्या, बहिणीचीही घ्या, एका दमात मोकळे व्हाल. रविराजच्या मनात पाप नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. त्याला खरंच तेवढंच वाटलं, चकरा वाचतील. त्यानं आईला विचारलं. गोजरबाई म्हणाली, "आज नगं. माझा हात दुकतोय." हात तिचा ठणठणीत होता.

पुढच्या बाजाराला ती केडगावातून निघाली. अश्विनीला सांगून निघाली, चोरून नाही. "बाजार करून येते गं." कठड्याला धरत धरत जिना उतरली, रिक्षानं माळीवाड्याच्या स्टँडवर, तिथून दौंडची एसटी. काष्टीला उतरली, सविताला घेतलं आणि बाजारात न बसता तशीच श्रीगोंद्याला वकिलाकडं गेली. वकील म्हणजे निकिता. तिची आई बाजारात गोजरबाईशेजारी शेवग्याच्या शेंगा घेऊन बसायची. पोरगी शिकून वकील झाली याचा अभिमान तिच्या आईपेक्षा गोजरबाईलाच जास्त.

"निके, मला मरायची तयारी करायची हाय," गोजरबाई खुर्चीत टेकत म्हणाली.

निकितानं आधी पाणी दिलं, मग चहा सांगितला, मग म्हणाली, "आजी, मरायची तयारी सोपी आहे. मरेपर्यंत जगायची तयारी करू."

मग तिनं सगळं समजावून सांगितलं, बाजारात भाव सांगावा इतकं स्वच्छ. हक्कसोड आत्ता करू नका, नाव राहू द्या. पोरगा वाईट म्हणून नाही. पण आपल्या नावावर काही असलं की आपला शब्दही घरात ऐकला जातो, हे मी रोज बघते. तुमच्या मागं कुणाला काय, ते मृत्युपत्रात लिहा. ते हयात असेपर्यंत बदलता येतं. साक्षीदार असे घ्या ज्यांना त्यातलं काही मिळणार नाही. डॉक्टरचा दाखला जोडा की बाई शुद्धीवर आहे, आणि नोंदवून टाका. आणि दुसरा कागद दवाखान्याचा. उद्या तुमची वाचा गेली तर काय करायचं, काय नाही करायचं, नळ्या घालायच्या का, कुठवर घालायच्या, आणि तुमच्या वतीनं डॉक्टरांशी कुणी बोलायचं. असाही कागद आता करता येतो.

"आसा कागुद आसतो?" गोजरबाई बघतच राहिली. "आन मग आमच्या ह्यांच्या टायमाला का न्हवता?"

सवितानं तिच्या पाठीवर हात ठेवला. गोजरबाईनं पदरानं नाक पुसलं आणि पुढच्या मुद्द्यावर आली. "बरं, ते ऱ्हाऊ दे. कायद्यात कावळ्याची साक्ष धरतेत का?"

सगळी हकीगत ऐकून निकिता आधी हसली, मग गंभीर झाली. "कायद्यात नाही धरत, आजी. तुम्ही कुठं राहायचं ते तुम्हीच ठरवायचं. पण भावकीत धरतात. आणि त्यावर माझ्याकडं कागद नाही. ते तुम्हाला तोंडानंच सांगावं लागेल."

ही गोष्ट गोजरबाईच्या डोक्यात पक्की बसली. कागद झाले, सह्या झाल्या, डॉक्टरचा दाखला झाला. पण तोंडानं सांगायचं राहिलं. आणि एकेकाला गाठून सांगितलं तर प्रत्येकजण आपल्याला हवं तेवढंच ऐकणार, हे तिला माहीत होतं. सगळे एका जागी पाहिजेत, आणि उठून जाता येणार नाही असे पाहिजेत. केडगावला परतून ती वर्षश्राद्धाची वाट बघत राहिली.

भीमाजीचं वर्षश्राद्ध काष्टीच्या घरी झालं. स्नेहल शिर्डीहून आली. भावकी जमली. विधी आटोपले, स्वयंपाक तयार झाला, आणि गच्चीवर पान ठेवलं. वडे, खीर, सगळं. कावळ्यानं घास घेतला की मग माणसांनी जेवायचं. सगळे खाली ओसरीवर बसले. पोटात कावळे ओरडत होते ते वेगळेच. गोजरबाईनं हीच वेळ धरली. भुकेला माणूस श्राद्धाच्या घरून उठून जात नाही.

"मला बोलायचं हाय," ती दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली. "मदी कुनी बोलू नगा. म्या आजपास्नं हितंच ऱ्हानार. माझ्या घरात."

रविराजचा चेहरा पांढरा पडला. माऊलीनं खाकरून घेतलं. "वहिनी, आसं कसं? पोरानं शब्द दिलाय. आख्ख्या घाटानं ऐकलाय."

"दिला. आन पाळला. म्हयनोम्हयनं ठेवलं मला, फुलासारकं ठेवलं. पर आता म्या त्याला त्या शब्दातनं मोकळा करते. ज्या बाईसाटी शब्द दिला तीच म्हनती, बास."

माऊली काही कच्चा माणूस नव्हता. "पर वहिनी, शब्द तुमाला दिलाच न्हवता. भीमाला दिला हुता. आन भीमानं तो घेतला, कावळा शिवला. तुमी मोकळा करून कसं चालंल?"

ओसरीवर सगळ्यांनी माना हलवल्या. बिनतोड बोलला होता माऊली. पण गोजरबाईकडं हुकमाचं पान होतं. एक वर्ष तिनं ते जपून ठेवलं होतं. ती पदर सावरून म्हणाली, "माऊली भावजी, त्या दिवशी घाटावर म्या बी हुते. आन म्या बी..."

"आई, नको!"

रविराज उठून उभा राहिला होता. बायकामुलांसमोर, भावकीसमोर, हा कधी न बोलणारा पोरगा बोलायला लागला.

"नको आई. तू काय बोलणार मला माहीत नाही, पण तो कावळा खोटा ठरवू नकोस. तुम्ही सगळे बाहेर होता. आत मी होतो. अण्णा नळी ओढून काढत होते. सारखे. डॉक्टर म्हणाले हात बांधावा लागेल, सही करा. मी सही केली. त्यांचा चांगला हात, तेवढा एकच चालत होता, तो पट्टीनं कॉटला बांधला. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. आई, त्यांनी कसं बघितलं..." मग कसंबसं म्हणाला, "दहाव्याला कावळा शिवत नव्हता तेव्हा मला कळलं होतं का शिवत नाही. माझ्यामुळं. आणि मी तुला न्यायचा शब्द दिला आणि तो शिवला. मला वाटलं, सोडलं अण्णांनी मला. आता तू इथं परत आलीस तर माझ्याकडं काय राहिलं?"

अश्विनी तोंडाला पदर लावून बसली. तिलाही हे ठाऊक नव्हतं. वर्षभर एकाच घरात राहून कुणालाच ठाऊक नव्हतं.

गोजरबाई पोराकडं बघत राहिली. म्हणजे त्या संध्याकाळी याच्या तोंडावर जे होतं, ते हे होतं. हुकमाचं पान तिच्या हातात होतं, टाकलं असतं तर डाव तिचा होता. माऊलीचं तोंड बंद झालं असतं. पण कावळा तिचा ठरला असता तर तो पोराचा राहिला नसता.

तिनं ते पान गिळलं. आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही, सवितालाही नाही.

ती गुडघे धरत धरत पोराजवळ गेली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "कावळा तुजाच रं बाबा. तुज्याच शब्दावर शिवला. म्या डोळ्यानं बगितलं. आन राग कसला यील त्यांना तुजा? घाबरलं आसतील. लेकराकडं बगायचं न्हाई तर कुनाकडं बगायचं?"

"मग ते काय सांगत होते आई? नळी काढा म्हणत होते का वाचवा म्हणत होते?"

"मला ठावं न्हाई," गोजरबाई म्हणाली. "खरंच ठावं न्हाई. येळ हुता तवा म्या कदी इचारलं न्हाई. म्या इचाराय पायजे हुतं, तुजं काम न्हवतं ते."

मग ती सगळ्यांकडं वळून म्हणाली, "म्हनून आज बोलत हुते. माझ्या टायमाला ह्या पोरानं कावळ्याच्या तोंडाकडं बगत हुभं ऱ्हाऊ ने."

रविराजनं डोळे पुसले. तो आईच्या पायांकडं बघत होता, त्या सुजलेल्या गुडघ्यांकडं. मग त्यानं विचारलं, साध्या आवाजात, "तुला काय पाहिजे, आई?"

एवढंच हवं होतं तिला. वर्षभरात, खरं तर लग्न होऊन आली तेव्हापासून, हा प्रश्न तिला कुणी सरळ विचारला नव्हता. गोजरबाई क्षणभर गडबडली. मग मात्र तिची गाडी सुटली.

आपल्या घरात राहायचं. सविता पुढच्या खोलीत राहायला येईल, दोघींचं बोलणं झालंय. न्हाणीत धरायला दांडी लावून द्या, संडासाला खुर्चीसारखी बैठक करा. शुगर तपासायला दर महिन्याला जाईन, सविता नेईल. सकाळ-संध्याकाळ फोन करीन, नाही आला तर सविताला करा. "आन हितं ऱ्हायचं म्हंजी जल्मभर हट धरून बसायचं न्हाई. हातरुनात पडले, माझं मला उरकंना, तर अश्विनीकडं यीन. तवा कुरकुर करनार न्हाई." अश्विनीनं रडत रडत मान हलवली. जमिनीचा आपला वाटा आपल्या नावावरच राहील, मागं रवी आणि स्नेहल दोघांत सारखा, कागद झालाय. स्नेहल चमकून भावाकडं बघायला लागली. भाऊ म्हणाला, "बरोबर आहे."

"आन दवाखाना. बरं व्हनार आसंल तर करा काय करायचं ते, म्या लई चिवट हाय. पर डाक्टर म्हनलं ह्यातनं मानूस परत यायचं न्हाई, तर नळ्या नगं. घरी आना. दुकायचं बंद व्हईल तेवडं औषद द्या आन माज्याजवळ बसा. आन हे एकट्या रवीनं ठरवायचं न्हाई. दोगं भावंडं मिळून. एकट्याच्या मानंवर कायबी ठिवायचं न्हाई."

माऊली आतापर्यंत ऐकत होता. त्याला राहवलं नाही. "समदं ठीक हाय वहिनी. पर भीमाला दिलेल्या शब्दाचं?"

या वेळी उत्तर रविराजनं दिलं. "काका, अण्णांना मी सांगतो. माझा शब्द होता, माझं मी बघून घेतो."

"आन एक ऱ्हायलं," गोजरबाई बोट वर करून म्हणाली. "माझ्या धाव्याला कावळा न्हाई शिवला तर कुनी कायबी कबूल करायचं न्हाई. माझं आडकलेलं काय ऱ्हायलंच न्हाई. दर्भाचा कावळा करायचा, पिंडाला टेकवायचा, आन लोकास्नी जेवाय वाडायचं. उनात ताटकळत ठिवायचं न्हाई कुनाला."

हसावं का रडावं ते कुणाला कळेना. स्नेहल दोन्ही करत होती. तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की आपण सगळे जेवणासाठी खोळंबलोय, आणि गच्चीवर पान ठेवलंय. सविता जिना चढून बघून आली.

"काकी, पान साफ हाय. खीरसुदा ठिवली न्हाई."

कधी आला, कुणी बघितलं नाही. माऊलीच्या हरकतीच्या वेळी आला, पोराच्या रडण्याच्या वेळी आला, का म्हातारीच्या बोलण्यावर आला, याची साक्ष द्यायला कुणीच नव्हतं.

"भूक लागली आसंल त्याला," गोजरबाई म्हणाली, आणि रविराजच्या खांद्याला धरून वाढायला उठली.